मित्रा डावीकडे का जाते?

सोमवारी सकाळी मित्रा तिसऱ्यांदा रोपवर आदळली, तेव्हा डेरेकनं स्टॉपवॉच खिशात टाकलं आणि माझ्याकडे बघितलं.

"शीला, हिचा खांदा गेला," तो म्हणाला.

माझं नाव शैला. इंग्लंडात, बेसिंगस्टोकच्या हॉस्पिटलात पहिल्याच आठवड्यात त्याचं शीला झालं आणि निवृत्त होईपर्यंत ते तसंच राहिलं. मी फिजिओथेरपिस्ट. आठवड्यातून दोन संध्याकाळी मी एका कॉलेजच्या स्विमिंग टीमकडे जायचे. खांदे, गुडघे, पाठी. पोहणाऱ्या मुलांचे खांदे म्हणजे आमच्या धंद्याचं रोजचं पीठमीठ.

डेरेक टीमचा कोच. वय पन्नाशीचं, स्वतः एके काळी चांगला बॅकस्ट्रोक पोहणारा. त्याला काही पटलं नाही की तो ओरडत नसे, स्टॉपवॉच खिशात टाकत असे. मुलं त्यालाच जास्त घाबरायची.

ऐंशीच्या दशकाचा शेवट होता. दर जानेवारीत आमची टीम आठवडाभर कॅनरी बेटांवर सरावाला जायची. तिकडे इंग्लंडात दुपारी चारला अंधार, बादलीत बर्फ, आणि इथे उघड्यावरचा पंचवीस मीटरचा स्विमिंग पूल, बाजूला ताडाची झाडं, अंगावर ऊन. हॉटेलच्या शेजारी अजून एक हॉटेल बांधत होते. त्याचा धुरळा सोडला तर स्वर्गच.

मित्रा म्हणजे संघमित्रा गायकवाड. लंडनजवळच्या पिनरची. जन्म तिकडचा, शाळा तिकडची. मराठी बोलायची, पण प्रत्येक वस्तूचं लिंग नव्यानं ठरवून. टीममध्ये सगळ्यात वेगवान बॅकस्ट्रोक तिचा. बॅकस्ट्रोक म्हणजे उताणं पोहणं. तोंड आभाळाकडे, हात मागे. आपण कुठे चाललोय ते दिसत नाही, हा त्या प्रकाराचा पहिला त्रास. तरी इंग्लंडात ती लेनच्या मधोमध अशी जायची की कुणी पट्टी ठेवून रेघ मारावी.

इथे मात्र ती प्रत्येक वेळी डावीकडे सरकत होती. अर्धा पूल झाला की डाव्या हाताची बोटं रोपवर. रोप म्हणजे दोन लेनमध्ये ताणलेली, प्लास्टिकच्या चकत्या ओवलेली दोरी. त्या चकत्यांनी बोटांची सालं निघतात. सोमवारी दुपारपर्यंत तिच्या तीन बोटांना मी चिकटपट्टी लावली होती.

डेरेकचा हिशेब सोपा होता. उजवा हात जोरात ओढतोय, डावा ओढत नाहीये, म्हणून अंग डावीकडे वळतंय. म्हणजे डावा खांदा दुखावलाय आणि पोरगी लपवतेय.

"शनिवारी ट्रायल आहे," तो म्हणाला. "मेडली रिलेत बॅकस्ट्रोकची जागा एक. मित्रा किंवा फिओना. एंट्री सोमवारी फॅक्स करायची. खांदा गेला असेल तर शुक्रवारपर्यंत मला लेखी दे. मी तिला पोहायलाच देणार नाही."

मेडली रिले म्हणजे चौघांनी चार प्रकारांत एकामागून एक पोहायचं. सुरुवात बॅकस्ट्रोकनं होते. मित्राचं हे कॉलेजचं शेवटचं वर्ष. मी 'अनफिट' लिहिलं तर सहा आठवडे सक्तीची विश्रांती, आणि तोवर स्पर्धा होऊन गेलेली. मला हे सगळं ठाऊक होतं, आणि तिलाही.

मी तिला खोलीत बोलावलं.

"दुखतं का?"

"नाही, मावशी. ऑनेस्टली. माझी खांदा एकदम फाइन आहे."

"खोटं बोलू नकोस हं. मी तुझ्या आईला फोन करीन."

"करा ना! आय स्वेअर, दुखत नाही. पण मग मी असा का करते? माझ्या हाताला काय झाला?" आणि तिचे डोळे भरून आले.

तिला मी पाठीवर झोपवलं. दोन्ही हात किती फिरतात ते कोन मोजायच्या प्लास्टिकच्या पट्टीनं मोजलं. ताकद तपासली. ती ढकलणार, मी अडवणार. डावा हात उजव्याच्या तोडीस तोड. माझंच मनगट दुखायला लागलं. खांद्यात काही म्हणजे काही नव्हतं.

ही मुलगी माझ्या जबाबदारीवर आली होती. पहिली दोन वर्षं आईवडिलांनी कॅम्पला पाठवलंच नाही. या वर्षी बरोबर मी आहे म्हटल्यावर कबूल झाले. निघताना वडील तिला पिनरहून गाडीनं सोडायला आले होते. पोस्टात नोकरी करणारे, शांत, टाय लावलेले गृहस्थ. बॅग उतरवता उतरवता मला म्हणाले, "ताई, आमच्या गावच्या विहिरीवर आम्हाला पायरी चढू देत नसत. पोहणं कुठलं! आणि ही बघा, पोहायला विमानानं निघाली." हे सांगताना ते हसत होते. माझ्या आजोबांच्या परसातही विहीर होती. तिथे कोण येऊ शकत असे आणि कोण नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं. मला लाज वाटली. "नीट सांभाळीन तिला," एवढंच मी बोलले.

तर खांदा नाही. मग काय?

मंगळवारी मला वाटलं, पाणीच ढकलत असेल. पुलात फिल्टरचं पाणी बाजूच्या भोकांतून आत येतं. एखाद्या भोकाचा जोर जास्त असेल तर लेनमध्ये ओढ तयार होते. म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, यातलं अंगण खरोखरच वाकडं असू शकतं. मी नाश्त्याच्या टेबलावरचं एक संत्रं उचललं आणि लेन चारमध्ये मधोमध सोडलं. संत्रं पाण्यात जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, त्यामुळे वारा त्याला फारसा हलवत नाही. दहा मिनिटं मी काठावर उकिडवी बसून त्या संत्र्याकडे बघत होते. तिथला लाइफगार्ड माझ्याकडे बघत होता. संत्रं जागचं हललं नाही. शेवटी त्यानं ते काढून सोलून खाल्लं.

शिवाय माझं मलाच कळायला हवं होतं. पाण्याची ओढ असती तर मित्रा जाताना डावीकडे गेली असती आणि येताना उजवीकडे. ती जाताना आणि येताना दोन्ही वेळा स्वतःच्या डावीकडेच जात होती. म्हणजे जे काही होतं ते तिच्यात होतं.

एक बरीक सांगते. मला या गोष्टीनं आता झपाटलं होतं. हॉस्पिटलात पेशंट येतो, दुखतं तिथे बोट ठेवतो, आपण उपचार करतो. इथे दुखत काहीच नव्हतं आणि बिघाड तर डोळ्यांसमोर होता. मी जेवताना नॅपकिनवर पूल काढत होते.

बुधवारी ढग आले. एकसारखं पांढरं आभाळ, ऊन नाही, सावली नाही. मला वाटलं, चला, डोळ्यांवर ऊन येत असेल तर आज ती सरळ जाईल. ती सोमवारपेक्षा वाईट गेली. दहा मीटरमध्येच रोप.

डेरेक माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "लिहून टाक, शीला."

"शुक्रवार म्हणालास ना? आज बुधवार आहे."

"तू तिच्या बाजूनं बघतेयस. तुमच्याकडची आहे म्हणून."

मला राग आला. राग आला याचं कारण ते थोडं खरं होतं.

दुपारी फिओना माझ्याकडे पोटऱ्या चोळून घ्यायला आली. ही मित्राची प्रतिस्पर्धी. उंच, तोंडानं फटकळ, मनानं सरळ. सहज म्हणून मी विचारलं, इथे बॅकस्ट्रोक पोहायला कसं वाटतं.

"वैताग," ती म्हणाली. "वर बघायला काहीच नाही. घरी छतावर ट्यूबलाइटची रांग आहे ना, प्रत्येक लेनवर एक? ती धरून जायचं. इथे नुसतं आभाळ. आज तर ढगसुद्धा नाही धड."

"मग तू सरळ कशी जातेस?"

"हॉटेलच्या गच्चीचा कोपरा बघते. येताना ते ताडाचं झाड. आणि कडेनं रोप दिसतोच की."

माझा हात तिच्या पोटरीवर तसाच राहिला. आयुष्यभर छताखाली पोहलेली ही मुलं पोहता पोहता छत वाचत असतात, हे मला कधी सुचलंच नव्हतं. मी खांद्यांची बाई. पुलात मला माणसं मानेपासून कोपरापर्यंतच दिसत.

पण अर्धंच कोडं सुटलं होतं. आभाळ दोघींवर सारखंच होतं. फिओनाला गच्चीचा कोपरा सापडला, मग मित्राला का नाही?

गुरुवारी मी सराव सोडून फक्त मित्राला बघत बसले. पुलाच्या कडेला पेस क्लॉक असतं. ताटाएवढं मोठं घड्याळ, एकच लांब काटा. तो बघून मुलं ठरलेल्या सेकंदाला सुटतात, पोहून आल्यावर त्यावरच आपली वेळ वाचतात. मित्रा त्या घड्याळाकडे एकदाही बघत नव्हती. पुढची मुलगी सुटली की मनात पाच मोजून ती सुटायची. परत आली की शेजारणीला विचारायची, "किती झाले?" डेरेक नेहमी म्हणायचा, मित्रा सगळ्यात वेगवान असून लेनमध्ये पहिली जात नाही, आत्मविश्वास कमी आहे. मीही मान हलवायचे.

मी समोरच्या काठावर जाऊन तिला हात केला. तिनं माझ्याकडे बघितलं. मग माझ्या शेजारच्या टॉवेलच्या ढिगाकडे बघून हसून हात केला.

मी धावतच खोलीत गेले. निघण्याआधी प्रत्येक मुलाचा मेडिकल फॉर्म मीच भरला होता. चौदा प्रश्न. फिट येते का, दमा आहे का, औषधं कुठली. ते सगळे फॉर्म माझ्याच बॅगेत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. मित्राचा फॉर्म काढला. नववा प्रश्न, चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरता का? पुढे 'नाही'वर टिक. अक्षर माझं, पेन माझं.

आणि मला ती संध्याकाळ आठवली. बाकीच्या सतरा मुलांना मी चौदाच्या चौदा प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवले होते, प्रत्येकाला दहा मिनिटं. मित्राबरोबर अर्धा तास बसले, आणि विचारलं काय? आईचं गाव कुठलं, पिनरमध्ये कढीपत्ता कुठे मिळतो, घरी कोण मराठी बोलतं. आपलीच मुलगी, ठणठणीत दिसतेय, म्हणून बोलता बोलता खाली सरसर चौदा टिका मारल्या होत्या. एकही प्रश्न न विचारता.

वीस वर्षं नोकरीत कुणी माझ्या कागदावर बोट ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी मित्राला बाल्कनीत गाठलं.

"तू लेन्स लावतेस?"

"हो. हार्ड लेन्सेस. का?"

"पोहताना?"

"नो! ऑप्टिशियन म्हणाला नेव्हर. पाण्यात गेली की गेली. काढून ठेवते."

"नंबर किती?"

"मायनस सिक्स. एक डोळा सिक्स अँड अ हाफ."

मी कपाळाला हात लावला. "अगं, मग सांगितलं का नाहीस?"

ती खरोखरच गोंधळली. "तुम्ही विचारलाच नाही, मावशी." मग जरा थांबून म्हणाली, "आणि डेरेकला... मी नऊ वर्षाची होती, क्लबमध्ये टीचर म्हणाली, चष्मावाले सगळे शॅलो एंडला, लहान मुलांबरोबर. मी चष्मा काढून बॅगेत टाकला. देन आय गॉट इन्टू द टीम. मग कोण सांगणार? आणि घरी तर मी सरळ जाते ना! ट्यूबलाइट दिसतात मला. ब्लरी, पण दिसतात."

नजरेचा आणि डावीकडे सरकण्याचा संबंध तिलाही कळला नव्हता. तीसुद्धा बिचारी खांद्यालाच दोष देत तीन रात्री रडत होती.

शुक्रवारी सकाळी मी डेरेकला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि स्टॉपवॉच खिशात टाकलं.

"दिसत नाही म्हणून वाकडं जातं? शीला, मी बॅकस्ट्रोक पोहलोय. तो अंगात असतो. डोळे बांधून जाईन मी."

"जा मग," मी म्हटलं.

पोहणाऱ्यांकडे व्हॅसलीन असतंच, काखेत घासू नये म्हणून लावतात. मी आधी फिओनाच्या गॉगलच्या काचांना ते फासलं. ती निघाली. बारा मीटरवर रोप, आणि तोही उजवीकडचा. प्रत्येकाचं अंग कुठल्या ना कुठल्या बाजूला ओढतंच. डोळे ते रोज नकळत दुरुस्त करतात.

"मजेशीर आहे," फिओना पाण्यातून ओरडली. "आता त्याला घाला!"

टीम काठावर जमली. डेरेकनं शर्ट काढला. मी त्याच्या गॉगलला व्हॅसलीन फासलं, जरा सढळ हातानं. तो भिंतीला पाय लावून सुटला. हात सुंदर, अजूनही सुंदर. पंधरा मीटरवर त्याची अंगठी रोपवर खणकली. त्यानं दिशा सुधारली ती इतकी, की पुढच्या चार हातांत दुसऱ्या रोपवर डोकं. मग शिव्या. मग पुन्हा पहिला रोप. काठावरची मुलं हसू दाबत उभी होती. मित्राला काही नीट दिसत नव्हतं, तिला फिओना कानात सगळं सांगत होती.

डेरेक भिंतीपाशी उभा राहिला. गॉगल काढला.

"राइट," तो म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला, "राइट."

मी कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: दोन्ही खांदे नॉर्मल. नजर अधू, उणे सहा. फॉर्म भरताना प्रश्न विचारला नाही. चूक माझी. खाली सही.

त्यानं वाचलं. "शेवटचं वाक्य लिहायची गरज नाही."

"मला आहे."

"कॉलेजच्या स्पोर्ट्स डिपार्टमेंटकडे जाईल हे."

"जाऊ दे."

प्रश्न शनिवारचा उरला. डोळ्यांच्या नंबरचे गॉगल तेव्हा इंग्लंडातसुद्धा ऑर्डर देऊन महिन्यानं यायचे. ट्रायल पुढे ढकलायला वेळ नव्हता. आणि फिओनानं महिनोन्‌महिने मेहनत केलेली, तिच्यावर अन्याय करून कुणाची कीव करायला डेरेक तयार नव्हता. मीही नसते झाले.

तोडगा फिओनानंच काढला. "तिला छत द्या ना मग," ती म्हणाली आणि ओल्या पायांनी शेजारच्या बांधकामावर गेली. तिथल्या मजुरांकडून तिनं लाल-पांढऱ्या पट्टीचं एक रीळ मागून आणलं, खड्ड्याभोवती बांधतात ते. पुलाच्या दोन्ही टोकांपाशी, भिंतीच्या पाच मीटर अलीकडे, पाण्यावर आडव्या पताका टांगलेल्या असतात. भिंत जवळ आली हे बॅकस्ट्रोकवाल्यांना त्यावरून कळतं. एका टोकाच्या पताकांपासून दुसऱ्या टोकापर्यंत आम्ही ती पट्टी ताणून बांधली, लेन चारच्या बरोबर वर.

"माझ्या लेनवरही बांधा," फिओना म्हणाली. "हरले तर पट्टीमुळे हरले असं मला म्हणता येऊ नये."

शनिवारी सकाळी दोघी सुटल्या. पट्टी वाऱ्यानं फडफडत होती, मला वाटत होतं आता तुटते की मग. मित्राच्या डोक्यावरून ती रेघ सरकत गेली आणि मित्रा तिच्याखालून सरळ गेली, सरळ आली. पुलाच्या चार लांब्या झाल्या. मित्रानं आधी हात लावला, फिओनानं अगदी तिच्या पाठोपाठ. डेरेकनं दोन्ही वेळा वहीत लिहिल्या आणि मित्राचं नाव एंट्रीवर घातलं.

फिओना जेवायला आली नाही. दुपारी ती आणि मित्रा पट्टी सोडून गुंडाळत होत्या, तेव्हा दोघींचे डोळे लाल होते. मी विचारलं नाही. सगळंच विचारायचं नसतं.

डिपार्टमेंटकडून मला दोन ओळींचं पत्र आलं. यापुढे फॉर्मवर मुलांची स्वतःची सही घ्यावी. म्हणजे मी मारलेल्या खुणांवर आता त्यांचा भरवसा नव्हता. वाईट वाटलं, पण बरोबर होतं.

फेब्रुवारीच्या शेवटी स्पर्धा मोठ्या शहरातल्या बंद पुलात झाली. मित्राचे नंबरचे गॉगल आठवडाभर आधी आले होते. मधल्या एका सरावाला ती पेस क्लॉकसमोर नुसतीच उभी राहिली होती, काटा पूर्ण फिरेपर्यंत. रिलेत आमचा तिसरा नंबर आला. मित्राची वेळ बेटावरच्या ट्रायलपेक्षा किंचित जास्तच लागली.

ती निथळत माझ्याकडे आली.

"काय गं? आता तर सगळं दिसत होतं ना?"

"हो, मावशी. दॅट्स द प्रॉब्लेम." ती धापा टाकत होती. "बाजूची मुलगी किती जवळ असतो! तिचा हात, तिचा चेहरा, सगळा दिसतो. आधी मला वाटायचं मी एकटीच पोहते."

"मग? बरं की वाईट?"

तिनं गॉगल कपाळावर सरकवला आणि विचार केला. "स्केअरी," ती म्हणाली. "पण मी परत नाही काढणार."

डेरेक मागून आला. "शीला, पुढच्या मोसमात आणखी कुणाला नजर देऊ नकोस. परवडत नाही."

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं त्या टीमकडे जात होते. फॉर्मवर चौदाच प्रश्न होते. गोऱ्या मुलांना मी ते पूर्वीसारखेच विचारायचे. आपल्याकडचं कुणी समोर बसलं, की मात्र पेन खाली ठेवायचे, गाव कुठलं ते विचारायचे नाही, आणि पहिल्या प्रश्नापासून मोठ्यानं वाचायला लागायचे. काहींना मी तुसडी वाटले असेन. इलाज नाही. परक्या माणसाला आपण विचारून घेतो. चुका होतात त्या आपल्या माणसाबाबत, कारण त्याला आपण ओळखतो असं आपल्याला वाटत असतं.